मापात पाप

महाराष्ट्रातल्या दहावीच्या निकालाचे चार आकडे शेजारी शेजारी मांडतो. २०१८ साली ८९.४१ टक्के. २०१९ साली ७७.१०. २०२० साली ९५.३०. आणि २०२१ साली ९९.९५.

आता सांगा, राज्यातली मुलं एका वर्षात एकदम ढ झाली आणि पुढच्या दोन वर्षांत एकदम हुशार झाली, असं कुणाला वाटतं का? मला तरी वाटत नाही. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांसारख्या विषयांत शाळेने आपल्या हाताने द्यायचे वीस गुण बंद केले होते. निकाल धाडकन खाली आला, आरडाओरडा झाला, ते वीस गुण परत आले आणि निकालही वर आला. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही. मूल्यमापन सगळं शाळांनी केलं. म्हणजे परीक्षा न घेता लागलेला निकाल सगळ्यात चांगला लागला!

मुलांना किंवा मास्तरांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. (आमच्या नात्यात शिक्षक आहेत, बँकवाले आहेत, सरकारी नोकर आहेत आणि आयटीवाले तर ढिगाने आहेत. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं आणि मग रागवावं.) माझं म्हणणं एवढंच आहे की हल्ली ज्याला आपण कामगिरीचं मोजमाप म्हणतो, त्यात बहुतेक वेळा कामगिरी मोजलीच जात नाही. मोजलं जातं ते कामगिरी दाखवण्याचं कौशल्य.

आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. पूर्वी वाणी मापात पाप करायचा, कारण माप त्याच्या हातात असायचं आणि फायदाही त्याचाच असायचा. आपल्या साहेबलोकांनी, मंत्र्यांनी आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी काय केलं असेल, तर प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाच्या हातात एकेक माप दिलं आणि सांगितलं, तूच मोज, आणि कमी भरलं तर तुझीच बढती अडेल. आणि मग पाप झालं की हीच मंडळी नीतिमत्ता घसरल्याची भाषणं देतात.

ही गोष्ट काही नवी नाही. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनपुरवठ्याच्या संदर्भात ती मांडली होती. पुढे १९९७ साली मेरिलिन स्ट्रॅथर्न यांनी विद्यापीठांच्या संदर्भात तिला सुटसुटीत रूप दिलं. मथितार्थ असा की जे मोजायचं तेच उद्दिष्ट करून ठेवलं, की ते मोजायच्या कामाचं उरत नाही. तापमापक काखेतून काढून झटकला तर पारा खाली येतो, ताप उतरत नाही.

आपल्या देशाने तर याचा धडा फार महागात घेतला आहे. आणीबाणीत कुटुंबनियोजनाची लक्ष्यं ठरली. जिल्ह्याला लक्ष्य, तालुक्याला लक्ष्य, आणि अनेक ठिकाणी शाळामास्तरांचा पगारसुद्धा 'केस' आणण्याशी बांधलेला. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यात किती जण म्हातारे होते, किती अविवाहित होते, किती जणांना धरून आणलं होतं, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. आपलं राज्यही मागे नव्हतं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही हे आपलं नशीब. केंद्र सरकारने ही लक्ष्यं अधिकृतपणे काढून टाकली ती १९९६ साली. म्हणजे मधे वीस वर्षं गेली.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. बरं, अलीकडचं बघू. २०१४ साली जनधन खाती सुरू झाली. चांगलीच योजना होती. पण टीका होऊ लागली की खाती उघडली तरी त्यांत शिल्लक शून्य. मग 'शून्य शिल्लक खाती किती' हाच बँकांच्या कामगिरीचा आकडा झाला आणि तो झपाट्याने खाली येऊ लागला. २०१६ साली एका वृत्तपत्राने खणून काढलं तेव्हा एक कोटीहून जास्त खात्यांत शिल्लक होती फक्त एक रुपया. काही ठिकाणी तो रुपया बँकेच्या माणसांनीच भरला होता! खातेदार तितकाच गरीब राहिला, पण तक्त्यातला शून्य गेला.

रेल्वेचं घ्या. शंभर रुपये कमावायला किती रुपये खर्च झाले, हे रेल्वेच्या कार्यक्षमतेचं जुनं माप. २०१७-१८ साली हा आकडा ९८.४४ होता. वाईट, पण शंभराच्या आत. महालेखापरीक्षकांनी वह्या तपासल्या तेव्हा कळलं की एनटीपीसी आणि इरकॉन यांच्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम कमाईत धरली होती. ती वगळली तर आकडा १०२.६६ होतो. म्हणजे शंभर कमवायला शंभरावर खर्च. पुढच्या वर्षाचे पैसे आज घेऊन आजची कार्यक्षमता वाढवायची, याला घरात आपण उसनवारी म्हणतो.

पोलिसांचं तर विचारूच नका. गुन्हे कमी दाखवायचे असतील तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे गुन्हे कमी करणं आणि दुसरा म्हणजे तक्रार नोंदवूनच न घेणं. दुसरा सोपा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला ललिता कुमारी खटल्यात सांगावं लागलं, यातच काय ते आलं. केरळसारखं राज्य गुन्हेदराच्या तक्त्यात वरच्या बाजूला दिसतं, याचं एक मोठं कारण तिथे गुन्हे नोंदवले जातात हे आहे. तक्ता प्रामाणिकाला शिक्षा करतो आणि लपवणाऱ्याला शाबासकी देतो.

"हे सगळं सरकारी खातं आहे म्हणून, खासगीत असलं चालत नाही," असं म्हणणारे एक काका प्रत्येक लग्नात भेटतात. त्यांना वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेची गोष्ट सांगावी. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात अमुक इतकी खाती आणि कार्डं मारायची, असं कर्मचाऱ्यांवर दडपण होतं. कर्मचाऱ्यांनी मारली, ग्राहकाला न विचारताच! २०१६ साली हे उघड झालं तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि पाच हजारांवर माणसं नोकरीवरून गेलेली होती. लक्ष्य ठरवणारे वर आणि गेलेले बहुतेक खालचे, हेही ओळखीचंच.

आणि आमच्या आयटीवाल्या भाच्यांना बेल कर्व्ह काय ते सांगायला नको. सगळा संघ उत्तम काम करत असला तरी त्यातल्या ठराविक टक्क्यांना 'अपेक्षेपेक्षा कमी' ठरवायचंच. मग शेजारी बसणाऱ्याला मदत का करायची? तो वर गेला तर मी खाली जाणार. मायक्रोसॉफ्टने असली क्रमवारी २०१३ साली बंद केली. सहकार्य मारून कार्यक्षमता वाढत नाही हे त्यांना उशिरा का होईना कळलं.

आता एक घरचा अनुभव. आमच्या गल्लीत पाण्याची वाहिनी फुटली होती. ऑनलाइन तक्रार केली. चौथ्या दिवशी फोनवर संदेश आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' पाणी वाहतच होतं. पुन्हा तक्रार केली, नवा क्रमांक मिळाला, तीही निकाली निघाली. म्हणजे दप्तरी दोन तक्रारी आल्या, दोन्ही मुदतीत सुटल्या, कामगिरी शंभर टक्के! शेवटी प्रत्यक्ष जाऊन विचारलं. तिथला माणूस सज्जन होता. म्हणाला, "काका, सात दिवसांत बंद केली नाही तर ती तक्रार वरच्यांना लाल रंगात दिसते. लाल दिसली की मला बोलावणं येतं. पाइप बदलायला टेंडर लागतं, ते माझ्या हातात आहे का?" मला त्याचा राग आला नाही. ज्याने हा लाल रंग शोधून काढला आणि टेंडरला मात्र कुठलाच रंग दिला नाही, त्याचा आला.

मग काय, मोजायचंच नाही? असं मी अजिबात म्हणत नाही. न मोजणाऱ्या कचेऱ्याही आपण पाहिल्या आहेत. तिथे खुर्चीवर कोट टांगलेला असायचा आणि साहेब चहाला गेलेले असायचे. मोजलंच पाहिजे. प्रश्न कुणी आणि कशासाठी मोजायचं हा आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने आधी गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजले. लपलेल्या मृत्यूवर उपाय करता येत नाही, हे साधं तत्त्व. मग घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालात स्वयंसेवी संस्थांनी मिळून दाखवून दिलं की महाराष्ट्रात प्रत्यक्षात मरणारी बाळं सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. सरकारी आकडा खाली होता, कारण तो वर गेला की कुणाला तरी जाब द्यावा लागला असता. बाहेरच्यांचा आकडा वर गेला, आणि त्या वाईट आकड्याने बाळांचं जे भलं केलं ते चांगल्या आकड्याने कधीच केलं नसतं.

'प्रथम'चा 'असर' अहवालही तसाच. २००५ पासून ही मंडळी खेड्यात मुलांच्या घरी जाऊन त्यांना वाचायला लावतात. मार्क नाहीत, नापास नाही, मास्तरांची पगारवाढ त्यावर अवलंबून नाही. म्हणून तर २०१८ साली त्यांना सांगता आलं की पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. दहावीच्या निकालाने हे आपल्याला कधी सांगितलं होतं का?

तेव्हा माझ्या मागण्या तीन. काम करणाऱ्यानेच मोजायचं बंद करा, मोजणारा वेगळा असू द्या. एका आकड्याला पगार आणि बढती बांधू नका. आणि काम झालं की नाही ते ज्याचं काम होतं त्याला विचारा. तक्रार निकाली निघाली हे तक्रारदाराने सांगायचं, कचेरीने नाही. यात खर्च फारसा नाही. अडचण एकच, आकडे वाईट येतील. पहिली दोन-चार वर्षं तर फारच वाईट येतील. ते वाईट आकडे बघून कुणाची मान न मुरगाळण्याचा धीर वरच्या लोकांना लागेल आणि त्यांना मत देणाऱ्या आपल्यालाही लागेल. कारण ९९.९५ टक्क्यांचे पेढे आपणही खाल्लेच आहेत.

तोवर एक करता येईल. यापुढे कुणी तुमच्यासमोर टक्केवारी नाचवली, की दोनच प्रश्न विचारायचे. हे मोजलं कुणी? आणि आकडा वाईट आला असता तर त्यात कुणाचं नुकसान होतं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस असेल, तर माप तपासल्याशिवाय माल घेऊ नका.