सरकटा मेला, आपण सुटलो!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. 'पिक्चर आहे राव, एवढं काय मनावर घेता' अशी कमेंट टाकणार असाल तर जरूर टाका, फक्त आधी शेवटपर्यंत वाचा.

'स्त्री २' टीव्हीवर लागला की आपल्या ग्रुपवर दरवेळी तीच चर्चा सुरू होते. पहिल्यापेक्षा दुसरा भारी. मुंडकं हवेत फिरतं, हाणामारी जोरदार, मध्येच भेडिया येतो, अक्षयकुमार येतो. आणि कमाई बघा म्हणतात. कमाईचं खरंच आहे. २०१८ मध्ये 'स्त्री' शंभर कोटींच्या पुढे गेला तेव्हा भलेभले चाट पडले होते. १५ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या दुसऱ्याने पाचशे कोटी ओलांडले. दिग्दर्शक दोन्हीकडे अमर कौशिक. विकी, बिट्टू, जना, रुद्रभैया तेच. मध्य प्रदेशातलं चंदेरी गावही तेच.

तरी मी म्हणतो, दुसऱ्या भागाने पहिल्याचं सगळं कमावलेलं घालवलं. आणि तो एवढा चालला तो त्याचमुळे चालला.

पहिला आठवा. गावात चार दिवसांची पूजा, आणि त्या चार रात्री एक चेटकीण पुरुषांना उचलून नेते. मागे राहतात फक्त कपडे. रक्त नाही, मुंडकी नाहीत. रस्त्यात पडलेला शर्ट आणि पँट बघूनच थिएटरात लोक गप्प व्हायचे. भिंतीभिंतीवर तिला 'उद्या ये' अशी विनवणी लिहिलेली. (ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. नव्वदच्या दशकात बंगळुरूकडे 'नाळे बा' नावाची अशीच अफवा होती. लोक दारावर लिहायचे, भूत वाचून परत जायचं.)

खरी गंमत पुढे होती. रात्री बाहेर पडायची भीती पुरुषांना! नवरे घरात दडून बसलेले आणि बाहेर निघालेल्या बायकोला सांगतायत, लवकर ये, मला भीती वाटते. आपण पोट धरून हसलो. हसताना कुठेतरी लागलंसुद्धा, कारण हेच वाक्य आपण रोज उलट्या बाजूने बोलतो. अंधार पडायच्या आत घरी ये. एकटी जाऊ नकोस. ओढणी नीट घे.

आणि ती चेटकीण चेटकीण झाली कशी? ती एक कलावंतीण होती. कुणीतरी तिच्यावर खरं प्रेम केलं, लग्न केलं, आणि लग्नाच्याच रात्री दोघांनाही मारून टाकण्यात आलं. म्हणजे भूत गावाने स्वतः तयार केलं होतं. शेवटी विकीच्या हातात शस्त्र असूनही तो तिला मारत नाही. तिची वेणी कापली जाते, ताकद जाते. पुढच्या वर्षी ती येते तेव्हा वेशीवर तिचा पुतळा उभा असतो आणि खाली 'आमचं रक्षण कर' अशी प्रार्थना. ती बघते आणि निघून जाते. कुणाला मारून प्रश्न सुटला नाही. जे तिला जिवंतपणी दिलं नाही ते, उशिरा का होईना, द्यावं लागलं.

आता दुसरा. इथे सरकटा आहे. राक्षसासारखं धड, मुंडकं वेगळं. तो शिकलेल्या, स्वतःच्या मनाने जगणाऱ्या पोरी उचलून नेतो. पहिल्या भागातल्या बाईला मारणाराही हाच होता असं कळतं. झालं! गावाची जबाबदारी एका झटक्यात एका माणसाच्या खात्यावर जमा. पुढे त्याच्या अमलाखाली गावातले पुरुष बायकांना घरात कोंडू लागतात. म्हणजे पुरुष वाईट वागतात ते कशामुळे? भुताने भारलं म्हणून! सरकट्याला आगीत लोटला की अंमल उतरतो, पुरुष शुद्धीवर येतात, विषय संपतो.

कुणी म्हणेल, दुसऱ्यात स्त्रियांच्या बाजूने जास्त बोललंय. बोललंय, मान्य. विनोदही चांगले आहेत, पंकज त्रिपाठींना तोड नाही. नाचगाण्याची तक्रारही मी करणार नाही, ते पहिल्यातही होतं. माझी तक्रार एवढीच, की पहिला बघून बाहेर पडताना आपण जरा ओशाळलो होतो, आणि दुसरा बघून टाळ्या वाजवत बाहेर पडलो. पोरींना कोंडणारा तो सरकटा होता ना, आपण थोडेच!

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. तो ऑगस्ट आठवा.

९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देश पेटला. आणि सरकारने काढलेल्या उपायांत एक काय होता? शक्यतो महिलांना रात्रपाळी देऊ नका! सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला खडसावून सांगावं लागलं की सुरक्षा देणं तुमचं काम, बायकांना रात्री काम करू नका म्हणता येणार नाही. तिथे कुठल्या भुताने सरकारला भारलं होतं?

त्याच महिन्यात आपलं बदलापूर. शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार. पालकांना तक्रार द्यायला ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल कित्येक तास बंद. तो राग खरा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा फलक लावणारे गप्प.

आता त्याच्यावर खटला नाही. कोणी काय पाहिलं, कोणी काय दडपलं, हे त्याच्या तोंडून कधी बाहेर येणार नाही. सरकटा मेला, पब्लिक घरी गेली.

मी बातमीदार आहे. पोक्सोच्या बातम्या लिहिताना आरोपी कोण असतो ते बघतो. शेजारचा काका, शिकवणीचे सर, व्हॅनवाला, नात्यातला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग वर्षानुवर्षं सांगतोय की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. त्याला मुंडकं असतं, चेहरा असतो, आपण रोज त्याला नमस्कार करतो. म्हणूनच आपल्याला बिनमुंडक्याचा राक्षस आवडतो. त्याच्यात ओळखीचं कुणी दिसत नाही.

मुंबई हायकोर्टाने बदलापूरच्या सुनावणीत सांगितलंच होतं, मुलग्यांना शिकवा. त्या वाक्याला शिट्ट्या पडत नाहीत.

तर आता कामाचं. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला. महिनाभरात शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची पडताळणी, विद्यार्थी सुरक्षा समिती. सखी सावित्री समिती तर २०२२ पासूनच हवी होती. तुमची पोरं ज्या शाळेत जातात तिथे या आठवड्यात जा आणि चार प्रश्न विचारा. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कोण उघडतं, कधी उघडतं? व्हॅनवाल्याची आणि शिपायाची पडताळणी झाली का?

जे उत्तर मिळेल ते कमेंटमध्ये टाका. शाळेचं नाव इथे जाहीर नको, ते मला इनबॉक्स करा, पुढचा पाठपुरावा मी करतो. उत्तर मिळालं नाही तर तेही कळवा, तीही बातमीच आहे.

आणि पोरांना घेऊन पिक्चर बघायचाच असेल तर पहिला बघा. मुलाला शेजारी बसवून.