आधी खोली, मग माणूस, मग माईक

दोन वाजवणारे एकमेकांना भेटले की पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘सध्या कुठं कार्यक्रम?’ मग लग्नसराईच्या तारखा निघत, दुर्गोत्सवाच्या सुपाऱ्या निघत, एखाद्या नव्या चालीवर टेबलाच्या कडेला बोटांनी ठेका धरला जाई. हल्ली अमरावती-अकोल्याकडे हा प्रश्न बदलला आहे. आता पहिला प्रश्न असतो, ‘नवीन काय घेतलं?’ आणि दुसरा, ‘आता काय घ्यायचं ठरवलं?’ बडनेऱ्याचा फलाट असो, मूर्तिजापूरची चहाची टपरी असो की मांडवामागची पंगत असो, बोलणे फिरून फिरून तिथेच येते.

घरोघरी स्टुडिओ निघाले आहेत, हे त्याचे कारण. ‘स्टुडिओ’ हा शब्द ऐकून कुणी दचकू नये. मुलांच्या अभ्यासाची दहा बाय दहाची खोली, तिच्यात एक संगणक, एक माईक, कानाला लावायचा हेडफोन, दोन स्पीकर आणि माईकमधला आवाज संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलून देणारी वीतभर लांबीची एक डबी. तिला ही मंडळी ‘इंटरफेस’ किंवा नुसते ‘साऊंड कार्ड’ म्हणतात. घरात संगणक आधीच असेल तर बाकीचा संसार साधारण तीस-चाळीस हजारांत मांडता येतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने अकोल्याच्या राजराजेश्वराला येते. त्या कावडयात्रेची गाणी, १४ एप्रिलची भीमगीते, नवरात्रातली देवीची गाणी आता अशाच खोल्यांतून तयार होतात आणि त्याच रात्री गावभराच्या मोबाईलवर वाजू लागतात.

या गोष्टीचे मोल कळायला थोडे मागे जावे लागेल. हिंदुस्थानात पहिल्या तबकड्या १९०२ साली कोलकात्यात मुद्रित झाल्या. विलायतेतून आलेल्या माणसांनी यंत्र मांडले आणि गौहरजान त्या भोंग्यासमोर गायल्या. तेव्हापासून कितीतरी वर्षे मुद्रण म्हणजे मोठे शहर आणि मोठी कंपनी, हेच समीकरण राहिले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा वऱ्हाडातल्या गाणाऱ्यांना निदान नागपूरची वाट सापडली. तबकडीसाठी मात्र रात्रीच्या गाडीने मुंबईच गाठावी लागे. सुरेश भटांचा जन्म १९३२ सालचा, अमरावतीचा. त्यांच्या शब्दांची मुळे या मातीत होती, पण त्या शब्दांना सूर चढून त्यांची गाणी झाली ती मुंबईच्या स्टुडिओत. पुढे कॅसेट आली आणि दर थोडा उतरला. तरी स्टुडिओचे भाडे तासावर मोजले जाई आणि गाणाऱ्याचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असे. आज हे सगळे आपल्या अभ्यासिकेत आले आहे. ही लहानसहान गोष्ट नव्हे, आणि यंत्र घेणाऱ्या पोरांना नावे ठेवण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही.

माझे म्हणणे खरेदीच्या क्रमाविषयी आहे.

परवा अशाच एका बैठकीत मी बसलो होतो. मी स्वतः पेटी वाजवतो, तीही भजनापुरती. त्यामुळे ऐकण्याचे काम माझ्याकडे होते. कीबोर्डवाला म्हणाला, “मी त या दिवाळीले दुसरा माईक घेतोच. पहिल्यात मजा नाही येऊन राह्यली.” गाणाऱ्याला मोठे स्पीकर हवे होते, हप्त्यावर मिळत होते. ऑक्टोपॅडवाल्याला जुना पॅड विकून नवा घ्यायचा होता. कुणाला कोणती कंपनी बरी, कुठल्या सॉफ्टवेअरला कोणता लूप बसतो, यावर तासभर रंग भरला. कोपऱ्यात एक ढोलकीवाले काका बसले होते. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, “घ्या गा बापा, सारं घ्या. मशीन घ्याले तुमच्यापाशी पैसे हायेत. मले बोलवाले मात्र पाचशे रुपये निघत नाहीत.”

बैठकीत हशा पिकला. मला मात्र त्या हसण्यात आपला सगळा हिशेब दिसला.

पहिल्यात मजा का येत नाही, ते आधी पाहू. घरच्या मुद्रणासाठी बहुतेक जण कंडेन्सर जातीचा माईक घेतात. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याचा कान फार तिखट असतो. गाणाऱ्याचा श्वास तो टिपतो, तसाच शेजारचा मिक्सर, गल्लीतला कुत्रा आणि लांबून जाणारी मालगाडीही टिपतो. सर्वांत जास्त टिपतो तो खोलीचा स्वतःचा आवाज. आपल्याकडे खोली दहा बाय दहा आणि स्लॅबही दहा फुटांवर. म्हणजे झाला की नाही चौकोनी डबा! ध्वनीच्या दृष्टीने याहून वाईट आकार नाही. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा सूर अडकून घुमतो, त्याच्या दुपटीचा ११२ चाही घुमतो. आणि लांबी, रुंदी, उंची सारखी असल्याने तिन्ही बाजूंनी तेच सूर घुमतात. डग्ग्याचा एखादाच बोल अंगावर येतो आणि बाकीचे पोकळ वाटतात, ते यामुळे. माईक दहा हजारांचा असो की लाखाचा, खोली तीच असेल तर घुमाराही तोच. उलट महागडा माईक तो घुमारा अधिक नेटका टिपतो.

यावर उपाय म्हणून काही जण भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने भिंत स्टुडिओसारखी दिसते, आवाजाला फारसा फरक पडत नाही. आवाज शोषायला जाडी लागते. तंतूंच्या जाळ्यात हवेची कंपने शिरतात, घासली जातात आणि त्यांची अगदी थोडी उष्णता होते. शोषण म्हणजे एवढेच. पातळ पडद्याने फक्त वरचे, तिखट सूर मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो. चार इंच जाडीची, भिंतीपासून तितक्याच अंतरावर उभी केलेली दाट गादी मात्र बरेच काम करते.

आणि गादी म्हटले की वऱ्हाडाला कुणी काय सांगावे! ज्या कापसाच्या गाठी एकेकाळी इथून रेल्वेने मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने लँकेशायरच्या गिरण्यांना गेल्या, तो कापूस आपल्या दारात आहे. पिंजारी अजून भेटतात. घरातल्या जुन्या गाद्या पिंजून घ्याव्यात, लाकडी चौकटीत घट्ट बसवाव्यात, वर जाडेभरडे सुती कापड ताणावे. दोन चौकटी गाणाऱ्याच्या पाठीमागे, दोन बाजूंना, उरलेल्या कोपऱ्यांत. नव्या माईकच्या निम्म्याहून कमी पैशांत खोली बदलते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. कापूस पेट घेतो, म्हणून चौकटी वायरींपासून आणि बोर्डापासून लांब ठेवाव्यात. आणि गादी खोलीतला घुमारा खाते, बाहेरचा आवाज अडवत नाही, हे ध्यानात असावे. बाहेरचा आवाज जड भिंत अडवते, आणि दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्याने तो कमी होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे निघाला की कूलर बंद करून गाणे अशक्य होते, तेव्हा पहाटे पाचला रेकॉर्डिंग करावे. स्पीकरमधून सतत ‘हूं’ ऐकू येत असेल तर तो बहुधा विजेच्या ५० कंपनांचा गुंजारव असतो. त्यासाठी नवी डबी घेण्याआधी वायरमन बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

खोलीनंतर माणूस. काकांच्या पाचशे रुपयांचा प्रश्न इथे येतो. संगणकात ढोलकीचे तयार तुकडे मिळतात, ते एकापुढे एक लावले की ठेका तयार होतो. सोय मोठी आहे, आणि पोटासाठी झटणाऱ्या कीबोर्डवाल्याने ती वापरली म्हणून त्याला दोष कसा द्यावा? त्यालाही गाण्यामागे मोजकेच पैसे मिळतात. पण तोच तुकडा कावडीच्या गाण्यात, तोच देवीच्या गाण्यात, तोच भीमगीतात आणि तोच निवडणुकीच्या प्रचारात वाजतो. मग अकोल्याचे गाणे अकोल्याचे कशावरून? हाताने वाजवलेली ढोलकी गाणाऱ्याच्या श्वासासाठी किंचित थांबते, समेला किंचित पुढे झेपावते. तयार तुकड्याला ही समज नसते. शिवाय वाजवणाऱ्याला काम नसेल तर तो मुलाला ढोलकी शिकवणार नाही. दहा-पंधरा वर्षांनी तुकडा कापून घ्यायलासुद्धा वऱ्हाडात हात उरणार नाही. चाळीस हजारांच्या खरेदीत चार-पाच हजार बाजूला ठेवले, तर दहा गाण्यांना एकेक दिवस माणूस बोलावता येतो. हा खर्च हौसेत न धरता मूळ सामानात धरायला हवा.

साधी साधने पुरतात, याचे दाखले जगाने दिले आहेत. टास्कॅम कंपनीने १९७९ साली घरगुती कॅसेटवर चार पट्ट्यांत मुद्रण करणारे यंत्र काढले. अमेरिकेतला मोठा गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या सुरुवातीला तसले यंत्र घरात मांडून, साध्या माईकवर, गाण्यांचा कच्चा आराखडा मुद्रित केला. पुढे वादकांचा ताफा घेऊन बड्या स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली, पण ती गोष्ट साधेना. शेवटी खिशात घेऊन फिरलेल्या त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ ही तबकडी निघाली. बिली आयलिश या मुलीचा २०१९ सालचा पहिला अल्बम तिच्या भावाने लॉस एंजेलिसच्या राहत्या घरातल्या झोपायच्या खोलीत तयार केला. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीचे मोठे सन्मान मिळाले. दोन्हीकडे सामान बेताचे होते. काय सांगायचे ते ठरलेले होते.

पण इतक्या लांब तरी कशाला जावे? गाडगेबाबांचे शेवटचे कीर्तन १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्रे इथे झाले आणि ते मुद्रित झाले. महिनाभराने, २० डिसेंबरला, बाबा गेले. त्या मुद्रणात खरखर आहे, लोकांचा गलबला आहे. ते ऐकताना माईक कोणत्या कंपनीचा होता, असे कुणाच्या मनातही येत नाही. त्या दिवशी कुणीतरी यंत्र मांडले म्हणून बाबांचा आवाज आपल्या नातवंडांपर्यंत पोचला.

मग आपल्या खोल्यांत आज कोण गाते आहे? भुलाबाईची गाणी घ्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली ही गाणी म्हणतात, आणि ती गावागणिक बदलतात. ती ज्यांना पुरती पाठ आहेत त्या आज्या सत्तरीपुढे गेल्या. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगराळ भागापासून हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी ओव्या गोळा करण्याचे काम आरंभले, आणि पुढे त्यांचा संग्रह लाखावर गेला. २०१७ पासून तो संगणकावर कुणालाही ऐकता येतो. वऱ्हाडी बोलीतल्या ओव्यांसाठी कुणी पुण्याहून येईल म्हणून वाट का बघावी? यंत्र तर आपल्याच गल्लीत आहे, आठवड्यातले पाच दिवस कापडाखाली झाकलेले.

कापडाखाली झाकलेले, हे शब्द मी मुद्दाम वापरतो. एका गावात सहा जणांकडे सहा इंटरफेस, सहा माईक, सहा हप्ते, आणि चांगली खोली एकाकडेही नाही, ही आपली आजची स्थिती. आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. भजनी मंडळाची पेटी कुणा एकाची नसे. वर्गणी जमे, पेटी, मृदंग, टाळ येत आणि ते देवळात किंवा ज्याची ओसरी मोठी त्याच्याकडे राहत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी मोझरीपासून गावोगाव खंजिरी पोचवली, तीही सामुदायिक प्रार्थनेच्या बैठकीत. सहा जणांनी मिळून एक बरी खोली का करू नये? एक इंटरफेस, दोन माईक, गाद्यांच्या चौकटी, वार ठरवून घ्यायचे, वीजबिल वाटून घ्यायचे, आणि किल्ली आळीपाळीने ठेवायची. भांडणे होतील, भजनी मंडळातही होतातच. त्याने पेटी बंद पडली नाही.

घरच्या मंडळींनाही यात एक काम आहे. मुलगा हप्त्यावर माईक मागतो तेव्हा नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही. त्याला विचारावे, या माईकवर पहिले कोण गाणार? त्याच्याकडे उत्तर असेल तर पैसे जरूर द्यावेत. उत्तर नसेल तर स्वयंपाकघरात बसलेल्या आजीकडे बोट दाखवावे. यंदाच्या कोजागिरीआधी प्रत्येक घरच्या स्टुडिओत एका आजीची, एका ढोलकीवाल्याची आणि एका भजनी मंडळाची पहाट मुद्रित झाली, तर पुढच्या बैठकीत ‘नवीन काय घेतलं?’ या प्रश्नाला ऐकवण्याजोगे उत्तर देता येईल.