गुडघ्यावर ‘२६० टक्के भार’: संगणकाने काढलेला आकडा कसा वाचायचा?

काही दिवसांपूर्वी केळव्यातल्या एक काकू दवाखान्यात आल्या. वय ५८. वाडीत भाजी लावतात आणि सकाळी ती पालघरच्या बाजारात नेतात. दोन वर्षांपासून उजवा गुडघा दुखतो. एका शिबिरात त्यांना चालायला लावून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता आणि त्यावरून तयार केलेला रंगीत रिपोर्ट हातात दिला होता. लाल रंगाचा हाडांचा सांगाडा, बाजूला आलेख आणि मोठ्या अक्षरात एक आकडा.

“डॉक्टर, यात लिहिलंय माझ्या गुडघ्यावर दोनशे साठ टक्के भार येतो. म्हणजे आता बदलायलाच लागणार ना?”

ऑपरेशनसाठी सोने गहाण ठेवायचे की मुलाने कर्ज काढायचे, यावर घरी दोन रात्री बोलणे झाले होते. मी त्यांना सांगितले, काकू, हा आकडा तुमचा एकटीचा नाही. माझाही जवळपास तोच निघेल.

असे रिपोर्ट आता तुमच्याही हातात येऊ लागतील, म्हणून हा लेख.

वजनापेक्षा भार जास्त कसा?

तुमचे वजन ६० किलो असेल, तर चालताना गुडघ्यावर ६० किलोच भार येत असेल असे आपल्याला वाटते. पण कावड आठवा. एका बाजूला घागर लटकते, तिला तोलायला दुसऱ्या बाजूलाही वजन लावावे लागते, आणि खांद्यावर दोन्हींचा मिळून भार येतो. गुडघ्याचे तसेच आहे. शरीराचे वजन सांध्याच्या एका बाजूला झुकते, ते तोलायला मांडीचे आणि पोटरीचे स्नायू दुसऱ्या बाजूने ओढतात. सांध्याला वजनही सोसावे लागते आणि स्नायूंची ओढही.

हे प्रत्यक्ष मोजलेले आहे. बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारे सेन्सर बसवले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सपाट जागी चालताना गुडघ्यावर येणारा सर्वाधिक भार सरासरी शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के भरला. खुर्चीतून उठताना २४६ टक्के, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के. पालघर स्टेशनचा पूल चढताना दम लागतो, पण गुडघा दुखतो तो उतरताना, ही तक्रार मी रोज ऐकतो. तिचे एक कारण या आकड्यांत आहे.

म्हणजे काकूंच्या रिपोर्टमधले २६० टक्के हे चालणाऱ्या माणसाचे साधे गणित होते. लाल रंग छापणाऱ्याने दिला होता.

हे सॉफ्टवेअर काय करते?

तुमच्या-माझ्या गुडघ्यात सेन्सर नाही. मग आकडा येतो कुठून? संगणकात हाडांचा सांगाडा उभा करतात, त्यावर स्नायूंच्या जागी दोऱ्या ताणतात, आणि तुमच्या चालीचे मोजमाप त्याला देतात. तशी चाल घडायला कोणत्या दोरीने किती ओढले असेल, हे संगणक उलटे शोधून काढतो. या कामासाठी जगभर वापरले जाणारे एक सॉफ्टवेअर म्हणजे ओपनसिम. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट डेल्प यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते फुकट आहे. संशोधकांसाठी त्याच्या कार्यशाळा होतात आणि करोनाच्या काळापासून त्या ऑनलाइनही होऊ लागल्या.

बोईसरची एक तरुण फिजिओथेरपिस्ट माझ्या ओळखीची आहे. तारापूर एमआयडीसीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगारांचे गुडघे आणि कमरा तिच्याकडे येतात. अशा एका ऑनलाइन कार्यशाळेला ती बसली, तेव्हा एका रात्री मीही शेजारी खुर्ची टाकून बसलो. सुरुवात रात्री साडेनऊला, कारण कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. मला वाटले होते, कोणते बटण कुठे दाबायचे ते शिकवतील. तसे फारसे झाले नाही. सहभागी लोक आपापले अडलेले काम घेऊन आले होते. कोणाचा विषय कृत्रिम पाय, कोणाचा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची चाल. बराचसा वेळ एकाच गोष्टीत गेला: आकडा आला, पण तो खरा मानायचा का?

एक उदाहरण सांगतो. संगणकातला सांगाडा स्वतःच्या स्नायूंवर नीट तोलला जात नसेल, तर त्याला पडू न देण्यासाठी कमरेपाशी एक काल्पनिक जोर लावावा लागतो. लहान मूल चालायला शिकताना आपण मागून कंबर धरतो, तसा अदृश्य हात म्हणा. तो हात मोठा असेल, तर मॉडेल चालत नाही, त्याला चालवले जात आहे. शिकवणारा प्रत्येकाला आधी हेच विचारत होता: हा जोर किती? ओपनसिमच्याच गटातल्या जेनिफर हिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक लेख लिहिला, त्याचे शीर्षकच आहे ‘माझे मॉडेल पुरेसे चांगले आहे का?’ सॉफ्टवेअर बनवणारे स्वतः हा प्रश्न इतक्यांदा विचारतात. शिबिरातल्या रिपोर्टवर मला तो कुठेच दिसला नाही.

मग हे सगळे निरुपयोगी का? अजिबात नाही.

सेरेब्रल पाल्सीची काही मुले गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखी चालतात. मांडीच्या मागचे स्नायू आखूड आहेत असे समजून ते लांबवण्याचे ऑपरेशन करतात. संगणकातल्या मॉडेलवर त्या स्नायूंची चालतानाची लांबी काढल्यावर दिसले, की अशा अनेक मुलांमध्ये ते आखूड नसतातच. ज्यांचे स्नायू खरोखर आखूड किंवा संथ होते त्यांना ऑपरेशनचा फायदा जास्त, बाकीच्यांना तितका नाही. घरात असे मूल असेल, तर ऑपरेशनला होकार देण्याआधी ‘चालीची तपासणी करून ठरवले आहे का?’ एवढे जरूर विचारा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दुसरे मत घ्यायला तिथे जाता येते.

दुसरी गोष्ट वजनाची. गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या १४२ ज्येष्ठांचा अभ्यास २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात निघाले, की वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. हा आकडाही चालीच्या मोजमापावरून, मॉडेल वापरूनच काढलेला आहे. ‘वजन कमी करा’ हे वाक्य आम्ही डॉक्टर इतक्यांदा म्हणतो, की तुम्हाला ते ऐकूही येत नसेल. पण पाच किलो घटले तर पावलागणिक वीस किलोचे ओझे उतरते, हे सांगितल्यावर माझ्या दोन-तीन रुग्णांनी खरोखर मनावर घेतले.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट रुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या आतल्या बाजूची, सौम्य ते मध्यम झीज असलेले ६८ लोक. प्रत्येकाची चाल मोजून ठरवले, की पाऊल किंचित आत वळवायचे की बाहेर, आणि ५ अंश की १० अंश. दुसऱ्या गटाला त्यांचा नेहमीचाच कोन ‘नवा’ म्हणून दिला. सहा आठवडे प्रशिक्षण, पुढे रोजचा सराव. वर्षाने कोन बदललेल्यांचे दुखणे दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले होते, आणि एमआरआयमध्ये कूर्चेची झीजही संथ दिसली. गोळी नाही, सुई नाही.

आता कृपा करून उद्या सकाळी समुद्रावर सुरूच्या बनातून पाय आत वळवून फिरायला सुरुवात करू नका. या चाचणीचे सार ‘प्रत्येकाचे वेगळे’ हे आहे. ज्या कोनाने एकाचा भार घटतो, त्याच कोनाने दुसऱ्याचा वाढू शकतो. मोजल्याशिवाय हा उपाय करायचा नाही.

आणि मोजणे स्वस्त होत चालले आहे, हीच या विषयातली खरी बातमी. त्याच स्टॅनफर्डच्या गटाने ‘ओपनकॅप’ नावाची पद्धत काढली. दोन किंवा जास्त आयफोन-आयपॅडच्या व्हिडिओंवरून ती चालीचे गणित मांडते. २०२३ मध्ये छापलेल्या त्यांच्या शोधनिबंधात १०० लोकांची तपासणी प्रयोगशाळेच्या तुलनेत २५ पट वेगाने आणि एक टक्क्याहून कमी खर्चात झाल्याचे म्हटले आहे. मुंबईपर्यंत न जाता बोईसरमध्ये चाल मोजता आली, तर माझ्या रुग्णांचा एक दिवसाचा रोज वाचेल. मात्र हे साधन संशोधनासाठी फुकट आहे. अशाच तंत्राच्या नावाने रंगीत रिपोर्ट छापून ऑपरेशनची भीती घालणे, हा वेगळा धंदा आहे.

मॉडेलमधले शरीर कोणाचे?

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. ओपनसिममध्ये खूप वापरले जाणारे पायांचे एक मॉडेल २०१६ मध्ये आले. त्यातल्या स्नायूंची माहिती २१ मृतदेहांच्या आणि २४ तरुण निरोगी माणसांच्या तपासणीतून घेतली. गुडघा १२० अंशांपर्यंत वाकतो असे त्यात धरले होते, कारण ते चालणे आणि धावणे यांसाठी बनवले होते. खुर्चीत बसणाऱ्याला १२० अंश पुरतात. पण तुम्ही वाडीत उकिडवे बसून खुरपता, मासळी निवडता, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसता, तेव्हा गुडघा १५० अंशांच्या पुढे जातो. भारतीय लोकांवरच केलेल्या मोजमापात हे दिसले आहे. पुढे या मॉडेलमध्ये सुधारणा झाल्या, पण उकिडवे बसलेल्या, अनवाणी, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या गुडघ्यावर किती भार येतो, हे दहा पावले चालवून काढलेला रिपोर्ट सांगू शकत नाही.

आणखी एक अडचण. एकच पाऊल टाकायला स्नायूंच्या अनेक वेगवेगळ्या जुळण्या चालतात. त्यातली नेमकी कोणती, हे निवडताना संगणक बहुधा असे धरून चालतो, की शरीर कमीत कमी कष्टाची जुळणी वापरते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस तसे करत नाही. तो घाबरून पुढचे आणि मागचे दोन्ही स्नायू एकदम आवळतो आणि भार वाढवून घेतो. म्हणजे ज्याला उत्तर हवे, त्याच्याच बाबतीत अंदाज चुकण्याची शक्यता जास्त. आमच्या फिजिओथेरपिस्टने कार्यशाळेत हेच विचारले. शिकवणाऱ्याचे उत्तर मला आवडले: स्नायूंच्या विद्युत संकेतांशी ताडून पाहा, आणि जुळत नसेल तर तसे लिहा.

तेव्हा असा रिपोर्ट हातात आला, तर देणाऱ्याला विचारा: हे मोजलेले आहे की अंदाज? माझ्या वयाच्या निरोगी माणसाचा आकडा किती? आणि या आकड्यामुळे माझ्या उपचारात नेमके काय बदलणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्या रिपोर्टवर पैसे घालवू नका.

गुडघा बदलायचा की नाही, हे आजही जुन्याच गोष्टींवर ठरते: उभे राहून काढलेला एक्स-रे, रात्रीची झोपमोड, किती अंतर चालता येते, आणि व्यायाम व औषधे नीट करून झाली का. गुडघा अचानक गरम होऊन सुजला आणि ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना, किंवा पडल्यावर पाय टेकवता येईना, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

काकूंचा एक्स-रे काढला. झीज मध्यम आहे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले, खुरपायला बसण्यासाठी फूटभर उंचीचे स्टूल सुचवले, आणि भाजीची पाटी स्टेशनपर्यंत डोक्यावर न नेता रिक्षात ठेवायला सांगितले. रिक्षाचे भाडे परवडत नाही, असे त्या म्हणाल्या. स्टूल मात्र मुलाने सुताराकडून करून आणले आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे.