बीअर फेस्टिव्हलला जायचंय? आधी परतीची लोकल ठरवा



मागच्या बॅचमध्ये मी बोलता बोलता म्हणून गेले की छोट्या दुकानदाराने वर्षातून एकदा तरी क्राफ्ट बीअरच्या फेस्टिव्हलला जाऊन यावं. निम्मी बॅच म्हणाली, "मॅडम, तिथे आपलं काय काम?" उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "पुढचा कधी आहे?" दोघांनाही एकदाच उत्तर देते. आणि हो, मी बीअर पिते, बेताची पिते. माझ्या सासूबाई हे चॅनल बघतात हेही मला माहीत आहे. तेव्हा इथे कुणाला प्यायला लावायचा विचार नाही. न पिणाऱ्यानेही जावं असंच माझं मत आहे, फक्त प्लॅन करून जावं.

आधी क्राफ्ट बीअर म्हणजे काय ते थोडक्यात. मोठ्या कारखान्यात लाखो बाटल्या भरतात ती नाही, तर छोट्या प्रमाणात, वेगवेगळ्या चवीची बनवतात ती. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यात झाली. २००९ साली 'डूलाली'ने तिथे आपली मायक्रोब्रुअरी काढली. आणि आपण लोकलने रोज ज्या डोंबिवलीवरून जातो, त्या डोंबिवलीत 'गेटवे ब्रुइंग'ने आपली बीअर बनवायला घेतली. म्हणजे हा धंदा काही परदेशातला नाही, चार-पाच स्टेशनांवरचा आहे.

आता दुकानदाराने का जावं? विचार करा, एकाच मैदानात दहा-पंधरा छोटे उत्पादक शेजारी शेजारी उभे. सगळ्यांचा कच्चा माल तोच: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. भाव जवळपास सारखे. गिऱ्हाईक तेच. तरी एका स्टॉलपुढे रांग मैदानाच्या टोकापर्यंत आणि शेजारचा पोरगा मोबाइल बघत बसलेला. हे का होतं ते डोळ्यांनी बघायला मिळणं, बीबीएच्या तीन वर्षांत मला कुणी दाखवलं नव्हतं. आपल्या कुळगावच्या बाजारात ओळीने चार मोबाइल कव्हरवाले, पाच साडीवाले आहेत. त्यांचा प्रश्न हाच नाही का?

पण हे बघायचं तर डोकं जागेवर हवं आणि वेळ आपल्या हातात हवी. म्हणून माझा पहिला नियम: प्लॅन उलटा करायचा, परतीच्या गाडीपासून.

आपण बदलापूरकर. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. वांद्रे किंवा वरळीचा माणूस म्हणतो "अजून एक राउंड, मग रिक्षा करू", ते आपल्याला परवडत नाही. रात्रीची शेवटची कर्जत गाठायची म्हणजे तिच्या आधीची गाठायची, कारण शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवणं म्हणजे शेवटच्या दिवशी जीएसटी रिटर्न भरणं. मैदान बीकेसीत असेल तर कुर्ल्याला यायला अर्धा तास धरा, फेस्टिव्हल सुटल्यावर रिक्षा मिळत नाही म्हणून वर आणखी अर्धा. महालक्ष्मीला असेल तर दादरला गाडी बदलायची. हे सगळं मागे मोजत गेलात की मैदानातून किती वाजता पाय काढायचा ते कळतं. मी गेटमधून आत शिरतानाच मोबाइलला तो अलार्म लावते. रविवार असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. ठाणे-कल्याण ब्लॉक असला की दुपारी तीनला पोहोचायचा बेत साडेचारवर जातो, आणि सगळ्यात चांगला वेळ गाडीत जातो.

पुण्याला जायचं तर आपल्याला एक फायदा आहे, उलटं कल्याणला न जाता कर्जतहून गाडी धरता येते. येताना मात्र त्याच दिवशी परतायचा हट्ट धरलात तर इंद्रायणीच्या वेळेला, म्हणजे फेस्टिव्हल रंगात यायच्या आतच, निघावं लागतं. माझं मत विचाराल तर पुण्याला राहावं. नाशिकचं तर विचारूच नका. 'सुलाफेस्ट' २००८ पासून द्राक्षमळ्यात भरतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, वाइनचा आणि गाण्यांचा. कोविडनंतर बंद पडलेला, २०२५ मध्ये पुन्हा झाला. मळा गंगापूर धरणाच्या बाजूला, स्टेशन नाशिकरोडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे राहायची सोय आधी आणि तिकीट नंतर. उलटं करणारे लोक हॉटेलच्या भावाने हैराण होतात, आणि त्यात हॉटेलवाल्याचा दोष नाही, मागणी-पुरवठा आहे.

दुसरा नियम: गेट उघडतानाच हजर राहायचं. लोक म्हणतात, "एवढ्या लवकर जाऊन काय करू, माहोल नसतो." माहोल म्हणजे गर्दी. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात ज्यांना नीट दर्शन हवं असतं ते पहाटेच जातात की नाही? तसंच. पहिल्या दोन तासांत स्टॉलवर स्वतः मालक उभा असतो, बोलायला मोकळा असतो. सात वाजले की तो आत केग बदलत असतो आणि काउंटरवर रोजंदारीची पोरं. काही ट्रेनर सांगतात, अशा ठिकाणी नेटवर्किंग करा. संध्याकाळी सातनंतर, स्पीकरच्या आवाजात, हातात ग्लास घेऊन दिलेलं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे पार्किंगमध्ये सापडणारा कागद. कुणाशी बोलायचं असेल तर चारला बोला.

आता रांगेचं गणित, हा माझा आवडता भाग. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली एक साधा नियम सिद्ध केला. दुकानी भाषेत सांगते: तुमच्यापुढे किती माणसं आहेत भागिले मिनिटाला किती सुटतात, एवढा वेळ तुम्ही उभे. समजा पुढे ४० जण आहेत आणि एका माणसाला ४५ सेकंद लागतात. झाला अर्धा तास. चार तासांच्या फेस्टिव्हलमध्ये असे सहा ग्लास घ्यायचे म्हटलं तर तीन तास रांगेत! तिकिटाचे पैसे तुम्ही रांगेत उभं राहायला भरलेत. म्हणून रांगेत शिरण्याआधी फक्त दोन मिनिटं बाजूला उभं राहून मोजा, किती जण सुटतात. जिथे एकच माणूस पैसे घेतो, चव विचारतो आणि ग्लासही भरतो, ती रांग सोडा. जिथे एक जण ऑर्डर घेतो आणि दुसरा भरतो, तिथे लांब रांगही भराभर सरकते. आणि सोमवारी स्वतःच्या दुकानात हेच मोजून बघा, घाम फुटेल.

रांग कधी लावायची तेही ठरलेलं आहे. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात मध्यंतरात वड्यासाठी काय झुंबड उडते आठवा. फेस्टिव्हलमध्येही बँडचं गाणं संपलं की सगळं मैदान काउंटरकडे वळतं. तुम्ही गाणं चालू असताना जा. बायकांनी स्वच्छतागृहाचंही तसंच करावं, गरज नसताना आधी जाऊन यावं. बीअर म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे रांग. आपल्याकडच्या आयोजकांनी बायकांसाठी स्वच्छतागृहं पुरेशी ठेवलेली मी अजून पाहिली नाहीत. तिकीट मात्र सगळ्यांना सारखं असतं.

प्यायचं काय आणि किती? अमेरिकेत 'ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हल' १९८२ पासून भरतो. तिथे एका वेळी एक औंस, म्हणजे साधारण ३० मिलीच ओततात. चव घ्या, पुढे जा. लोक गळ्यात प्रेट्झेलच्या माळा घालून फिरतात, पोटात काहीतरी राहावं म्हणून. (आपल्याकडे चकल्यांची माळ घालून कुणी गेलं तर मी त्याला फुकट कोर्स देईन.) इथे मी गेले तिथे मात्र ३३० मिलीच्या खाली द्यायला तयार नव्हते. हे मला अजिबात पटत नाही. पाच जणांची चव घ्यायची तर दीड लिटरच्या वर बीअर प्यायची? फेस्टिव्हल चवीसाठी आहे की ग्लास मोजण्यासाठी? छोटं माप ठेवलं तर गिऱ्हाईक जास्त स्टॉल फिरेल, नव्या उत्पादकाला संधी मिळेल. मिठाईवाला सुद्धा आधी तुकडा हातावर ठेवतो. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आम्ही सगळे कागदी कपांकडे वळलो, १०० मिलीचा कप हा काही दुर्मिळ माल नाही हे मी छातीठोकपणे सांगते.

तोवर उपाय एकच, दोघा-तिघांत एक ग्लास. क्रमही पाळा. आधी गव्हाची हलकी बीअर, जिला केळ्या-लवंगेसारखा वास येतो. मग हॉप्सची कडू आयपीए. शेवटी भाजलेल्या माल्टची काळी स्टाउट. उलटं प्यायलात तर गव्हाची बीअर पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही बिचाऱ्या बनवणाऱ्याला नावं ठेवाल. ग्लास मोजू नका, टक्के बघा. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत साडेसोळा मिली अल्कोहोल असतं, ८ टक्क्यांच्या तेवढ्याच ग्लासात सव्वीसच्या वर. दिसायला दोन्ही एकच ग्लास. प्रत्येक ग्लासामागे एक बाटली पाणी, आणि जाण्याआधी घरून भाकरी-भाजी खाऊन निघायचं. आतली फ्राइज महाग असतात आणि पोटही भरत नाही.

कागदपत्रांचं: महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. मूळ वयाचा पुरावा जवळ ठेवा. दारू प्यायला परवाना लागतो हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. निवडणुका जवळ असतील तर तारीख तपासा, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय असतात. गाडी घरी ठेवा, यावर मी चर्चा करत नाही. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. आणि काटई रोडने रात्री बाइक हाकत येणाऱ्याला दंडाची भीती हा सगळ्यात छोटा धोका आहे.

पैशांचं सांगते, कारण इथे मला राग येतो. बऱ्याच ठिकाणी आत रोख चालत नाही, मनगटाला पट्टा बांधतात आणि त्यात पैसे भरायचे. एका ठिकाणी माझे उरलेले तीनशे साठ रुपये परत मिळालेच नाहीत, रिफंडच्या खिडकीवर माणूसच नव्हता. हजारो लोकांचे असे दोनशे-तीनशे राहिले तर हिशोब करा. आपण कुळगावात सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट दिलं तर गिऱ्हाईक भांडतं, आणि तिथे शिकलेले लोक खांदे उडवून निघून जातात. थोडे थोडे भरा, आणि शेवटच्या तासात अजिबात भरू नका.

आता गंभीर. आपल्याला गर्दी नवीन नाही. सकाळी बदलापूरला फलाटावर उभं राहून डबा कुठे येणार, कोणत्या बाजूला उतरायचं, कुणाच्या मागे उभं राहायचं नाही, हे आपल्याला पाठ आहे. तोच माणूस फेस्टिव्हलमध्ये गाणं लागलं की स्टेजपुढे जाऊन रेलिंगला चिकटतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली, तेव्हा तिथे कुणी नाचत नव्हतं, कुणी प्यायलेलं नव्हतं. पाऊस आला, वरचे थांबले, खालचे चढत राहिले. एवढंच. गर्दीत पाय आपले राहत नाहीत, आणि दोन ग्लासांनंतर तर डोकंही राहत नाही. म्हणून आत गेल्या गेल्या दुसरं गेट शोधा, ज्यातून आलो ते नव्हे. ग्रुपची भेटायची जागा ठरवा, कारण संध्याकाळी नेटवर्क जाम होतं. बाजूच्या माणसाचे हात आपोआप छातीजवळ यायला लागले की मागे फिरा, गाणं कितीही आवडीचं असो. ग्रुपमधल्या एकाने त्या दिवशी न पिण्याची पाळी घ्यावी. आमच्याकडे ही पाळी चिठ्ठी टाकून ठरते, आणि त्याचं जेवण बाकीचे भरतात.

स्टॉल बघताना मी वहीत तीनच गोष्टी लिहिते. बोर्ड लांबून वाचता येतो का. पहिल्यांदा आलेल्या माणसाला काउंटरवरचा मुलगा काय विचारतो. आणि एखादी बीअर संपली की ते काय सांगतात, "नाही" म्हणतात की "ही घेऊन बघा" म्हणतात. एका छोट्या ब्रुअरीच्या मुलीने मला विचारलं होतं, "चहा कडक पिता की दुधाचा?" आणि त्यावरून ग्लास सुचवला. आयबीयू, माल्ट, यीस्ट, एकही शब्द उच्चारला नाही. तिची रांग मी मोजली, मिनिटाला दोन माणसं सुटत होती, आणि ती एकटीच होती.

आमच्या दुकानात आता पार्सलचे डबे घ्यायला नवीन माणूस आला की आमचा मुलगा साइज विचारत नाही. विचारतो, "रस्सा आहे की सुकं?"