कोरा कागद, नवा अंगठा

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढले आणि त्यांची होळी केली. कोऱ्या कागदावर उमटवून घेतलेल्या अंगठ्याविरुद्धचे ते बंड होते. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन शेतकरी कायदा आला. गावोगावी दस्तनोंदणी अधिकारी नेमण्याची तरतूद झाली, आणि रोख्यामागील व्यवहार खरा की खोटा हे तपासण्याचे काम न्यायालयांवर आले. निजामी अंमलाखालील मराठवाड्याला हा कायदा लागू नव्हता. परंतु त्याचा धडा मराठवाड्यालाही उपयोगी आहे. परकीय सरकारनेसुद्धा शेतकऱ्याला ‘सावध राहा’ एवढाच उपदेश करून आपले अंग काढून घेतले नव्हते.

आज मात्र नेमके तेच चालले आहे. मुदखेडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात हमालापासून भाजीवाल्यापर्यंत प्रत्येकाचा पैसा मोबाईलवरून फिरू लागला. निराधार योजनेचे अनुदान खात्यात येते आणि ते काढण्यासाठी म्हातारी माणसे केंद्रचालकाच्या यंत्रावर अंगठा ठेवतात. किती रक्कम निघाली, पावती मिळाली की नाही, हे विचारण्याचे बळ त्यांच्यात नसते. कागद गेला, पडदा आला. अंगठा कोराच राहिला.

ही लूट केवळ अडाण्यांची होते, हा सुशिक्षितांचा गैरसमज आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळविले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढण्यात आले, शिवाय जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये तर हे संकट नांदेडच्याच दारात आले. तेथील शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये पाहता पाहता शेकडो खात्यांत विखुरले गेले. सहकारी बँकेतील पैसा म्हणजे शिक्षकाची, छोट्या दुकानदाराची, विधवेची ठेव. तेव्हा दरोडा पडतो तो इमारतीवर नव्हे, त्यांच्या घामावर.

केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. वर्षात तिप्पट झालेल्या हानीचे खापर व्यक्तीच्या बेफिकिरीवर फोडता येईल काय?

या धंद्याची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी ओळखली पाहिजे. चोरीचा पैसा फिरतो तो बहुधा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून, आणि ती खाती दोन-चार हजारांच्या आमिषाला बळी पडलेल्या बेकार तरुणांची असतात. नोकरीच्या नावाखाली म्यानमारच्या सीमेवर नेऊन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये विमानाने परत आणावे लागले. लुटला जाणारा गरीब आणि लुटीचे हत्यार बनणाराही गरीब. मलिदा मात्र तिसऱ्याच्याच घशात जातो.

म्हणून संघटनेपुढे दोन कामे आहेत. पहिले घरातले. पतसंस्था, सोसायटी, युनियनचे कार्यालय येथे एकाच कारकुनाच्या हाती सारी किल्ली असू नये. रक्कम पाठविताना एकाने भरावी, दुसऱ्याने तपासून मंजूर करावी. पासवर्ड भिंतीवर चिकटवू नये, चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये, जमाखर्चाचा मेळ रोजच्या रोज घालावा. शनिवार-रविवारही नजरेआड करू नयेत. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, आणि फोनवरून अटक करण्याची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही, या दोन गोष्टी प्रत्येक वस्तीत सांगितल्या पाहिजेत. शेतकरी योजनेच्या नावाने मोबाईलवर आलेली फाईल उघडू नये. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत पैसा वाटेतच गोठविता येतो. लाजेने गप्प बसणे म्हणजे चोराला वेळ देणे होय.

दुसरे काम रस्त्यावरचे. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचाही दोष नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर भार नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच, असे त्यात स्पष्ट म्हटले. ज्याने भुलून स्वतःच पिन दिला, त्याला मात्र कळविण्यापूर्वीचे नुकसान सोसावे लागेल, असेही त्यात होते. सर्वांत असहाय माणूस नेमका याच फटीत सापडतो. बँकांनी शाखा आणि कर्मचारी कमी ठेवून खर्च वाचवायचा, नफा मोजायचा, आणि जोखीम मात्र खातेदाराच्या माथी मारायची, हा न्याय नव्हे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात सायबर गुन्ह्यांचा प्रशिक्षित कर्मचारी, प्रत्येक अनुदान केंद्रावर छापील पावतीची सक्ती आणि संशयास्पद मोठी रक्कम काही काळ रोखून धरण्याची बँकांवर बांधीलकी, या मागण्या तहसील कचेरीपासून विधानसभेपर्यंत नेल्या पाहिजेत.

सावधपणा शिकविणे हे कर्तव्यच आहे. पण संरक्षणाविना दिलेला सावधपणाचा उपदेश हा दुबळ्याच्या पदरी टाकलेला दोष ठरतो.