लक्ष्मीच्या पावलांचा पॉइंट गार्ड

अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या प्रेक्षकाइतका आशावादी प्राणी मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे लॉटरीचं तिकीट काढणारा माणूससुद्धा सोडत होईपर्यंत नोकरी सोडत नाही. हा गृहस्थ मात्र आपल्या संघानं एकोणीस वर्षांचं एक पोर निवडलं, की त्याच रात्री विजयाच्या मिरवणुकीचा रस्ता आखायला बसतो. आणि दिवाळीपर्यंत मिरवणूक निघाली नाही, की पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचे चिरंजीव फिलाडेल्फियाजवळ राहतात. २०१७ सालच्या ऑक्टोबरापासून पुढच्या एप्रिलपर्यंतचे सहा महिने मी त्यांच्याकडे काढले. बाहेर बर्फ, आत मी, आणि टीव्हीवर ‘सेव्हन्टीसिक्सर्स’. (१७७६ हे त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. म्हणजे आपल्याकडे एखाद्या संघानं ‘सत्तेचाळीस’ असं नाव घ्यावं, तसं.) सोफ्यावर चिरंजीव, त्यांचे तीन मराठी मित्र आणि शनिवार-रविवारी आमचे व्याही. व्याही चाळीस वर्षं न्यू जर्सीत आहेत आणि तेवढीच वर्षं सिक्सर्सवर चिडलेले आहेत.

त्या साली त्यांच्याकडे नवा पॉइंट गार्ड आला होता, मार्केल फुल्ट्झ. ड्राफ्टमधला पहिला नंबर. ड्राफ्ट म्हणजे काय, तर दर वर्षी नव्या पोरांची वाटणी होते आणि गेल्या मोसमात जो सर्वांत वाईट खेळला, त्याला आधी निवडायची संधी जास्त. नंबर लागतो तो खरोखरीच लॉटरीनं. यंत्रात चौदा चेंडू घालून घुसळतात. फिलाडेल्फियानं २०१५-१६ मध्ये ब्याऐंशीपैकी दहा सामने जिंकले होते. या नापास होण्यामागेही योजना होती म्हणे, आणि तिला ‘प्रोसेस’ असं भारदस्त नाव होतं. २०१७ सालचा पहिला नंबर लागला होता बॉस्टनला. फिलाडेल्फियानं आपला तिसरा नंबर आणि वर पुढच्या एका ड्राफ्टचा वायदा देऊन तो विकत घेतला. बॉस्टननं तिसऱ्या नंबरावर जेसन टेटम घेतला. झालं! फुल्ट्झच्या नशिबी शेजाऱ्याचा हुशार मुलगा आला. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही यापुढचं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की पहिला नंबर मिळाला याचा अर्थ काय, हे या लोकांनी कधी शांतपणे पाहिलेलंच नाही. तो नंबर पोराचा असतो. पण पोर जातं ते बहुधा तळाच्या घरी. छप्पर गळतंय, वाण्याची उधारी थकली आहे, दोन दीर बेकार आहेत, अशा घरात सून आणायची आणि तिनं माप ओलांडल्याबरोबर सावकार हात जोडून निघून गेला पाहिजे, अशी ही अपेक्षा. नाही गेला, तर सून पांढऱ्या पायाची!

हे मी बोलून दाखवल्यावर व्याह्यांनी हुकमाचं पान टाकलं.

“अहो, मॅजिक जॉन्सनचं काय मग? एकोणऐंशी सालचा पहिला नंबर. ऐंशी सालात अजिंक्यपद! आमच्या फिलाडेल्फियात येऊन, आमच्याच उरावर बेचाळीस गुण ठोकून!”

खरं आहे. विसाव्या वर्षी ठोकले. पण मॅजिक ज्या घरात आला, त्या लेकर्सच्या घरात करीम अब्दुल-जब्बार आधीपासून कमावता होता. लेकर्सनी आदल्या मोसमात सत्तेचाळीस सामने जिंकले होते. पहिला नंबर त्यांना मिळाला, तो जुन्या व्यवहारात न्यू ऑर्लिन्सकडून. म्हणजे सून लक्ष्मीच्या पावलांनी आली हे कबूल, पण तिजोरी आधीच भरलेली होती. आणि अशी एक सून पाहिली म्हणून गावातल्या प्रत्येक सुनेला तोच काटा लावणार का?

त्यातून पॉइंट गार्ड म्हणजे पंगतीतला वाढपी. चेंडू पुढे आणायचा, कोण कुठं मोकळा आहे ते पाहायचं आणि नेमक्या क्षणी त्याच्या हातात द्यायचा. जेवण उत्तम झालं, तर आचाऱ्याचं नाव. आमटी उशिरा आली, तर वाढप्याला शिव्या. त्यानं दिलेला पास ‘असिस्ट’ म्हणून वहीत चढतो, तोसुद्धा दुसऱ्यानं बास्केट केली तरच. दुसऱ्याचा नेम चुकला, की याचं पुण्य पाण्यात. चार सोबत्यांच्या सवयी आणि समोरच्या पाचांच्या खोड्या पाठ व्हायला वर्षं जातात. जॉन स्टॉकटन १९८४ साली सोळाव्या नंबरावर यूटात गेला. पहिली तीन वर्षं बहुतेक सामन्यांत तो बदली म्हणून बाकावरूनच उठायचा. त्याचे १५,८०६ असिस्ट अजून कुणाला ओलांडता आलेले नाहीत. चॉन्सी बिलप्सला बॉस्टननं १९९७ साली तिसऱ्या नंबरावर घेतलं आणि एक्कावन्न सामन्यांत कंटाळून देऊन टाकलं. २००४ साली डेट्रॉइट अजिंक्य ठरलं, तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. एक्कावन्न सामने! एवढ्या अवधीत आमच्या कचेरीत नव्या कारकुनाला फायली कुठं ठेवतात तेही कळत नसे.

“बाबा, पण हे लाखो डॉलर घेतात,” चिरंजीव म्हणाले.

घेतात ना. पगार मी ठरवला नाही, त्या पोरानंही ठरवला नाही. नंबराप्रमाणे तो ठरलेला असतो. पण पगार घेतो म्हणून त्याच्या दुखण्याला हसायचा हक्क कुठल्या कलमाखाली मिळतो?

कारण हसत होते. मोसमाचा पहिला सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. पाडव्याला बॉस्टनशी गाठ पडली, शेजाऱ्याचा मुलगा समोर, आणि आम्ही हरलो. फुल्ट्झ फ्री थ्रो मारायला उभा राहिला, की खोलीत आधीच खसखस पिकायची. फ्री थ्रो म्हणजे पंधरा फुटांवरून, अडवायला कुणी नसताना मारायचा नेम. कॉलेजात सामन्याला सरासरी तेवीस गुण करणारं पोर, आणि इथं त्याचा हात असा काही वाकडा वर जायचा, की बघवत नसे. व्याह्यांनी फराळाच्या ताटातला बेसनाचा लाडू उचलून हुबेहूब नक्कल केली. सगळे लोळून हसले. फोनवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

चार सामन्यांनंतर तो खांद्याच्या दुखण्यानं बसला, तो २६ मार्चला परतला. १९६८ साली फुटबॉलच्या मैदानावर सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारणारं हे गाव. पण त्या रात्री मैदानातल्या लोकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं. तिकीट काढून आलेल्यांना पोरगं दिसलं. दिवाणखान्यातल्यांना फक्त नंबर दिसत होता. ११ एप्रिलला त्यानं तेरा गुण, दहा असिस्ट, दहा रिबाउंड असा तिन्ही खात्यांत दोन आकडी हिशेब मांडला. इतक्या लहान वयात तोवर एनबीएत कुणालाच ते जमलं नव्हतं. आमची खोली एक संध्याकाळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी एक मित्र म्हणाला, “पण लांबून कुठं मारतो?”

मी परत आलो. पुढच्या मोसमात पुन्हा तोच हात, पुन्हा तीच नक्कल. भीतीनं गाळण उडाली आहे, डोक्यातच बिघाड आहे, असं निदान सोफ्यावरून झालेलंच होतं. डिसेंबर २०१८ मध्ये डॉक्टरांचं निदान आलं. मान आणि खांदा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मज्जातंतू दाबले जात होते. हात वर न्यायचा, तर दुखणार, बधिर होणार.

“तेव्हा आम्हाला काय माहीत, बाबा?” चिरंजीव फोनवर म्हणाले.

माहीत नव्हतं, म्हणून तर गप्प बसायचं! मलाही माहीत नव्हतं. पण वीस वर्षांच्या पोराचा हात वर जात नाही, हे डोळ्यांना दिसत होतं. तेवढ्यावर घरातला कुणी असता, तर आपण तेल चोळलं असतं, डॉक्टरकडे नेलं असतं. त्याच्या नावापुढे एक आकडा होता, म्हणून लाडू उचलला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये फिलाडेल्फियानं त्याला ओरलँडोला देऊन टाकलं. पुढच्या मोसमात तो तिथं बहात्तर सामने खेळला. आमच्या सोफ्यावर त्यातला एकही लावला गेला नाही.

जून २०२४ मध्ये बॉस्टन अजिंक्य ठरलं, तेव्हा व्याह्यांचा मुद्दाम फोन आला.

“बघा, मी म्हणत नव्हतो? टेटमनं करून दाखवलं!”

“दाखवलं ना,” मी म्हटलं, “सातव्या मोसमात.”

त्यांनी पुण्यात पाऊस सुरू झाला का, ते विचारलं.