जुन्या तबकड्यांचे टपाल

पक्षाच्या मुखपत्राने जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीवर अग्रलेख लिहावा, हे आमच्या काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या असताना संपादकांना हा हौशी मंडळींचा विषय कोठून सुचला, असे ते विचारतील. आणि त्यांनी तसे विचारावेच. आमचे उत्तर एवढेच की, हा लेख हौशी मंडळींविषयी नाही. ज्याच्या हातून त्यांची हौस पुरवली जाते आणि त्या व्यवहारात ज्याची स्वतःची मजुरीदेखील अनेकदा सुटत नाही, त्या पदपथावरच्या विक्रेत्याविषयी आहे. तो आपल्या फेरीवाला संघटनांचा सभासद आहे, किंवा असावयास हवा.

मुंबईत चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही या मालाची परंपरागत ठिकाणे. माल येतो तो भंगारातून. लग्नाला, सत्यनारायणाला, गणेशोत्सवाला भोंगे भाड्याने देणाऱ्या लाउडस्पीकरवाल्यांजवळ शेकड्यांनी रेकॉर्डी असत. कॅसेट आली तशा त्या किलोच्या भावाने गेल्या. पुढे चाळी पाडून मनोरे उभे राहू लागले, तेव्हा माळ्यावरच्या पेट्या रद्दीवाल्याकडे उतरल्या. त्या पेट्यांत काय नव्हते? बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची नाट्यपदे, लावण्या, कीर्तने, पोवाडे, एच. एम. व्ही. आणि ओडियन यांच्याबरोबर मुंबईत निघणाऱ्या ‘यंग इंडिया’ कंपनीच्या तबकड्याही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास पुढे नेला, हे खरे. पण महाराष्ट्राच्या संगीताचा हा दप्तरखाना कचऱ्यात जाण्यापासून प्रथम वाचवला तो रद्दीवाल्याने आणि जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने, हेही तितकेच खरे आहे. त्याबद्दल त्याला कोणी शाल-श्रीफळ दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या मालाला पुन्हा मागणी आली. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांच्या नगांची विक्री १९८७ नंतर प्रथमच सी. डी. पेक्षा अधिक झाली. आपल्याकडेही त्या लाटेचे शिंतोडे उडाले. त्याच सुमारास विक्रेत्याच्या हाती मोबाइल फोन आला आणि इंटरनेटवर दुकान मांडणे त्याला शक्य झाले. हा लाभ नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पूर्वी एखादा जाणता संग्राहक किंवा निर्यातदार यायचा, वीस रुपयांना तबकडी उचलायचा आणि ती परदेशात किती डॉलरना गेली याचा पत्ता विक्रेत्याला लागायचा नाही. आता कोणत्या क्रमांकाची तबकडी जगात कितीला विकली गेली, हे त्याला दोन मिनिटांत दिसते. बाजारभावाचे ज्ञान ही मूठभरांची मक्तेदारी राहिली नाही. आमच्या परिचयाचा एक विक्रेता सातवी शिकलेला आहे. तबकडीच्या मधल्या कागदावरचे इंग्रजी आता तो आमच्यापेक्षा लवकर वाचतो.

परंतु भाव कळणे आणि भाव हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यांच्या मधल्या अंतरात जे दलाल पूर्वी बसत, ते उठले आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन बसले, इतकेच. नव्या दलालाला चेहरा नाही, पत्ता नाही, आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

त्याची आकारणी कशी चालते ते पाहा. ‘डिस्कॉग्ज’ हा रेकॉर्डींचा जगातला सर्वांत परिचित बाजार. त्याने मे २०२३ मध्ये आपले कमिशन ८ वरून ९ टक्क्यांवर नेले आणि ते केवळ मालाच्या किमतीवर न ठेवता टपालखर्चावरही लावले. समजा, १,००० रुपयांची तबकडी परदेशी धाडावयाची आहे आणि तिला टपाल पडते २,००० रुपये. कमिशन झाले २७० रुपये, म्हणजे मालाच्या किमतीच्या २७ टक्के. टपालखर्च हे विक्रेत्याचे उत्पन्न नव्हे. त्याच्या हातातून तो केवळ पुढे जातो. त्या रकमेवरही वाटा काढणे हे वतनदारीच्या काळातील जकातीचेच रूप आहे. आडत्याने शेतकऱ्याकडून बैलगाडीच्या भाड्यावर टक्केवारी मागितली असती, तर बाजार समितीत दगडफेक झाली असती.

आता पाठवणीकडे वळू, कारण या धंद्याचे खरे मरण तेथे आहे. बारा इंची लाँग-प्ले तबकडीचे वेष्टन सुमारे ३१ सेंटिमीटर चौरस. ती सुखरूप पोहोचावी म्हणून विक्रेता ती वेष्टनातून बाहेर काढून वेगळी ठेवतो; आत राहिली तर प्रवासातल्या हादऱ्यांनी तिचीच धार वेष्टनाची शिवण उसवते. मग दोन्ही अंगांना जाड पुठ्ठे, कोपऱ्यांना मोकळी जागा, वर फुग्याफुग्यांचे प्लास्टिक आणि त्यावर खोके. खोके झाले ३४ बाय ३४ बाय ५ सेंटिमीटरचे. वजन जेमतेम अर्धा किलो. परंतु कूरियर कंपनी केवळ वजन करीत नाही, मापही घेते. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागावे, असा या धंद्यात सर्वसाधारण प्रघात आहे. ५,७८० भागिले ५,००० म्हणजे १.१५६ किलो; आकारणी पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढली की दीड किलो. अर्धा किलो तबकडी आणि एक किलो हवा. मालमोटारीत जागेलाही मोल असते, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. खोटे आहे ते हे की, हा नियम सर्वांना सारखा लागतो. महिन्याला हजारो खोकी धाडणारी मोठी पेढी करार करून दर पाडून घेते. पाच खोकी धाडणारा खिडकीवरचा पूर्ण दर भरतो. तीच मोटार, तोच रस्ता, तेच खोके. दर मात्र ऐपतीच्या उलट्या प्रमाणात.

लाँग-प्लेचे एक वेळ ठीक. ती सहसा फुटत नाही, उन्हाळ्यात फार तर वाकते. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी म्हणजे चिनी मातीची बशी. ती लाखेची असते. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर आदिवासींनी वाढवलेली आणि खरवडलेली ती लाख. गोहर जान यांचा आवाज १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झाला, तेव्हापासून पुढे अर्धे शतकभर जगाच्या ग्रामोफोन-व्यवसायाचा पाया या लाखेवर उभा होता. कोणत्याही तबकडीवर लाख गोळा करणारीचे नाव छापलेले नाही. ती तबकडी आज मोडते, तेव्हा गवयाबरोबर तिचेही श्रम मोडतात.

आमच्या परिचयाच्या उपरोक्त विक्रेत्याने अशा सहा तबकड्या नागपूरला पाठवल्या. बांधणीला त्याची आणि त्याच्या पत्नीची एक रात्र गेली. नागपुरास चार पोहोचल्या, दोन फुटल्या. संकेतस्थळाने गिऱ्हाइकाला सर्व रक्कम परत केली, जाण्याचे आणि येण्याचे भाडे विक्रेत्याच्या खाती मांडले, आणि परतीच्या प्रवासात तिसरी फुटली. कूरियरच्या पावतीमागच्या बारीक अक्षरांत काचेच्या व ठिसूळ वस्तूंची जबाबदारी नाकारलेली होती. येथे कोणी खोके आपटणाऱ्या पोराला शिव्या घालील, तर ते आम्हांला मान्य नाही. त्याला नगावर पैसे मिळतात. हळू ठेवण्याचे कोणी देत नाही. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रातल्या चळवळीने हा प्रश्न अद्याप पुरेशा जोराने हाती घेतलेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सरकारने या माणसासाठी काय केले? प्रथम कर. वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये मालाच्या छोट्या व्यापाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही; मात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. इंटरनेटवरील बाजारातून विकणाऱ्यांना तर १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत राज्यातल्या राज्यातही सूट नव्हती. आजची स्थिती अशी की, कोल्हापूरचा विक्रेता नोंदणीवाचून हजार किलोमीटरवरच्या गोंदियाला रेकॉर्ड धाडू शकतो. शंभरेक किलोमीटरवरच्या बेळगावला नाही. पणजीला नाही, इंदूरला नाही, बडोद्याला नाही. नाट्यसंगीताचे कान ज्या गावांत आहेत, नेमकी तीच गावे कायद्याने तोडली. हस्तकलेच्या वस्तूंना या अटीतून सवलत आहे. जुन्या तबकडीला नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्यांची नोंदणी तीन दिवसांत होण्याची सोय झाली, असे सांगितले जाते. नोंदणी सोपी झाली, पण तिच्यामागून येणारी विवरणपत्रे आणि ती भरून देणाऱ्याची फी तशीच आहे.

दुसरे टपाल. या देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत. एवढी मोठी सार्वजनिक यंत्रणा कोणत्याही खाजगी कंपनीपाशी नाही, आणि तिच्या खेड्यातल्या टोकाला उभा असलेला ग्रामीण डाकसेवक अजूनही पूर्ण सरकारी नोकर मानला जात नाही. व्ही. पी. पी. ने माल मागवावा, पोस्टमनच्या हातात पैसे द्यावेत, ही पद्धत आमच्या पिढीने पाहिली आहे. ग्रंथप्रकाशकांच्या एका पिढीचा संसार तिच्यावर चालला. त्या यंत्रणेने डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन करून टाकले. पुस्तकांच्या बाबतीत ओरड झाली, म्हणून १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले: ३०० ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १०० रुपये. आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु ज्ञान म्हणजे छापील कागद, एवढीच त्याची व्याख्या आहे. राजाराम शास्त्र्यांनी लिहिलेले जुने पाठ्यपुस्तक ज्ञान, आणि केसरबाई केरकरांची तबकडी भंगार? करातही तोच भेद: पुस्तकावर शून्य, ध्वनिमुद्रित तबकडीवर १८ टक्के. जुन्या मालाला केवळ नफ्याच्या रकमेवर कर देण्याची मुभा आहे, ती तरी नोंदणी झालेल्यालाच.

भांडवलशाहीचे माहेरघर म्हणून आपण ज्या अमेरिकेकडे बोट दाखवतो, तेथील सरकारी टपालखात्यात पुस्तकांसाठी जो स्वस्त दर आहे, त्याच दराने ध्वनिमुद्रिकाही जातात. अमेरिकेची दुसरी बाजूही याच विषयाने दाखवली. तेथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी संपली. तत्पूर्वी २५ ऑगस्टपासून आपल्या टपालखात्याने तिकडची पार्सले घेणे थांबवले, ते १५ ऑक्टोबरपर्यंत. गंमत अशी की, अमेरिकेच्याच १९८८ च्या कायद्यातील तरतुदीमुळे पुस्तके आणि रेकॉर्डी यांना ‘माहितीपर साहित्य’ म्हणून त्या वाढीव आयातशुल्कातून वगळलेले होते. शुल्क लागू नव्हते, पण वाट बंद होती. न्यू जर्सीच्या मराठी माणसाने मागवलेली नाट्यपदांची तबकडी त्या सात आठवड्यांत गिरगावातल्या एखाद्या खाटेखाली पडून राहिली असेल, तर तिचे व्याज कोणी दिले?

आमचे मागणे मोठे नाही. ‘ज्ञान पोस्ट’च्या व्याख्येत ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट यांचा समावेश करावा. कॅसेटचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या पिढीची किती तरी भीमगीते लोकांपर्यंत पोहोचली ती तबकडीवरून नव्हे, तर स्वस्त कॅसेटवरून, आणि आज जुन्या बाजारात सर्वांत कवडीमोल त्याच आहेत. जुन्या मालाच्या छोट्या विक्रेत्याला हस्तकलेप्रमाणे राज्याबाहेर माल पाठवण्याची सवलत द्यावी. या मागण्या आपल्या लोकप्रतिनिधींनी मांडाव्यात.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक विक्रेत्याने स्वतंत्र नोंदणी घेण्याऐवजी त्यांच्या सहकारी संस्थेने एक नोंदणी घेतली, सभासदांचा माल विकत घेऊन तो संस्थेच्या नावाने विकला, आणि पाठवणीचा करारही एकत्रित केला, तर मोठ्या पेढीला मिळणारा दर छोट्यांनाही मागता येतो. विवरणपत्रे एकाच ठिकाणी भरली जातील. पुठ्ठे आणि खोकी घाऊक भावाने येतील. संस्थेत भांडणे होतील, तबकडीची प्रत ठरवताना तर हमखास होतील. एकाला दिसणारा किरकोळ ओरखडा दुसऱ्याला खोल दिसतो. ती भांडणे निदान समोरासमोरची असतील. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे यास निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे लागतात, आणि मटण स्ट्रीटच्या एका अंगाला ती सापडावीत. फेरीवाला संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ही बैठक पावसाळ्यापूर्वी घ्यावी. पावसात पुठ्ठा ओलावतो, वेष्टनांना बुरशी धरते, आणि हे लोक चार महिने जवळजवळ बसून असतात.